साताऱ्यात सर्वांसाठी खुली शूटिंग रेंज : कोण कोण सोबत आहे?

चारभिंती

स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, तेव्हा प्रत्येक बातमीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं नाव आलं. १९५२ चं हेलसिंकी, आणि त्यानंतर थेट ७२ वर्षांनी महाराष्ट्राचं दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पहिलं आपल्या जिल्ह्यातलं म्हणून आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला.

पण राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा तिथवर पोचला तो क्रीडा प्रबोधिनीतून, म्हणजे सरकारी आधारानं. त्याच्या आधी तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत कोल्हापुरातून वर आल्या. तिथे दुधाळीची रेंज आहे, नेमबाजी हा चहाच्या गाड्यावर बोलायचा विषय आहे. साताऱ्यातल्या आठवीतल्या मुलीला हा खेळ नुसता करून बघायचा असेल, तर आपण काय सांगतो? कोल्हापूरला जा, नाहीतर पुण्यात बालेवाडीला. दोन्हीकडे शंभर किलोमीटरच्या वर. शाळा सांभाळून कोण जाणार?

खाजगी वर्ग निघतात, बंद पडतात, परत निघतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मला हवी आहे ती जागा अशी : तासाची फी भरली की कुणीही येईल, रायफल तिथलीच वापरेल, आवडलं तर पुढे शिकेल, नाही आवडलं तर घरी जाईल. पोहण्याच्या तलावावर सकाळची बॅच असते तसं. आधी तीन लाखांची रायफल विकत घ्या आणि मग खेळ आवडतो का ते बघा, हा उलटा हिशोब मध्यमवर्गाला परवडत नाही. शेतकऱ्याला तर नाहीच.

माझा प्रस्ताव फक्त १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूलचा आहे. दहा लेन, बंद हॉल, शक्यतो आधीच उभा असलेला. नवीन बांधकाम नको. जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे अर्ज नेण्याआधी गावातून किती पाठिंबा आहे ते कागदावर दिसलं पाहिजे. पाठिंबा म्हणजे नुसत्या सह्या नव्हेत. कोण वेळ देईल, कोण जागा, कोण महिन्याचे पैसे, ते लिहा. विरोध असेल तर तोही इथेच लिहा, ग्रामसभेत उठून नको.

माणदेशी_वारा

आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर कधी येणार हे विचारत बसतो आम्ही, आन तुमी बंदुकीचं मैदान काढताय. चालू द्या.

चारभिंती

पाण्याच्या पैशातून रेंज होत नाही आणि रेंज न केल्यानं टँकर लवकर येत नाही. पण तुमचा राग समजतो. माणातल्याच ललिता बाबर रिओला स्टीपलचेसच्या फायनलमध्ये धावल्या, हे तुम्ही मला सांगायला हवं, मी तुम्हाला नव्हे.

सदरबझार_काकू

मी स्पष्ट लिहिते, राग मानू नका. आजकाल वाढदिवसाला तलवारीनं केक कापतात. गावठी कट्टा हातात धरून रील काढतात आणि मग पोलीस उचलतात, हे दर महिन्याला पेपरात येतं. अशा काळात चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या हातात आपणच बंदूक द्यायची? खेळ आहे हे मला कळतं. पण त्या वयाला खेळ आणि रुबाब यातला फरक कळतो का? माझा नातू तिथे गेला तर घरी येऊन तो निशाणा सांगेल की ऐट?

निवृत्त_हवालदार

काकू, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी आपशिंग्याचा. आमच्या गावाला मिलिटरी म्हणतात ते उगाच नाही, घरटी एक तरी माणूस फौजेत. बंदुकीची ऐट मी लई पाह्यली, आणि ती कुठं उतरते तेही पाह्यलं.

फायरिंग रेंजवर पोरगं येतं तेव्हा पहिले काही दिवस त्याला छर्रा मिळतच नाही. उभं राहायचं. पाय किती फाकवायचे, कोपर कुठं टेकवायचं, श्वास कुठं धरायचा. रायफल रिकामी असली तरी नळी टार्गेटकडंच. माणसाकडं वळली की त्या दिवशी बाहेर, मग तो कुणाचा का पोरगा असंना. ‘स्टॉप’ म्हटलं की बोट ट्रिगरवरून बाजूला, रायफल खाली, नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण. पुढं टार्गेटकडं कुणी गेलं असेल तर मागं कुणी रायफलीला हात लावत नाही. हे अंगात भिनायला महिना-दोन महिने जातात, आणि ज्याला रील काढायचीय तो तेवढा टिकत नाही. कंटाळून जातो. कट्टा धरणाऱ्याला शिस्त लावणारं कुणी भेटलेलं नसतं, हा माझा अनुभव.

आमच्यासारखे पेन्शनवर बसलेले या जिल्ह्यात कमी नाहीत. रेंज ऑफिसरचं काम आम्ही करू. चहापाणी मिळालं तरी पुरे.

सदरबझार_काकू

पोरगं कंटाळून जाईल, हे पटलं. मोबाइल मात्र रेंजच्या आत नको. एवढी अट लिहून घ्या, मग मी सही करते.

दहा_पॉइंट_नऊ

मोबाइलबंदी तशीही असते, काकू. स्पर्धेत फायरिंग लाइनवर मोबाइल चालतच नाही.

थोडं तांत्रिक लिहितो, कारण ‘बंदूक’ म्हटलं की डोळ्यांपुढे भलतंच येतं. मी राज्य स्पर्धेपर्यंत पिस्तूल खेळलोय, त्यापुढे गेलो नाही. १० मीटरच्या एअर रायफलचा छर्रा (आम्ही पॅलेट म्हणतो) ४.५ मिलिमीटरचा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर. नळीतून निघताना त्याची ऊर्जा सात-आठ ज्यूल असते. ५० मीटरच्या रायफलीत वापरतात त्या पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंची) गोळीची साधारण १४०. नळी ४.५ मिमीपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेल्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. खरेदी करताना ओळखपत्र द्यावं लागतं, दुकानदार नोंद ठेवतो. आवाज टाळी वाजवल्याइतका. शेजारच्या इमारतीत कुणाला कळणारही नाही.

आणि हा खेळ किती बारीक आहे ते बघा. रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे नुसता ठिपका. स्पर्धेत ६० शॉट, सव्वा तासात. जड जॅकेट घालून मे महिन्यात एवढा वेळ पुतळ्यासारखं उभं राहणं ही साताऱ्यातल्या पोरांना वाटते तेवढी हिरोगिरी नाही. घाम डोळ्यांत जातो आणि आठ लागतो.

कृष्णा_वेण्णा

पण स्वप्नील तर ५० मीटर खेळतो ना? तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेत्या झाल्या त्यासुद्धा ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून. राहीचं २०१८ च्या एशियाडचं सुवर्ण २५ मीटरचं. मग १० मीटरची रेंज करून आपण अर्धवटच काम करतोय. करायचं तर एकदाच मोठं करा, जिल्ह्यात जागेला काय तोटा आहे?

बारा_मोटा

जागेला तोटा आहे, आणि तो कागदावर आहे. मी सिव्हिलवाला, म्हणून हे माझ्या वाट्याचं.

पॉइंट टू-टूची गोळी चुकून वर गेली तर किलोमीटर-दीड किलोमीटर जाऊ शकते. उघड्या ५० मीटर रेंजला नुसतं ५० मीटर मैदान पुरत नाही. मागे भक्कम बट (गोळी अडवणारा बांध), बाजूच्या भिंती, डोक्यावर आडव्या बॅफल (वर गेलेली गोळी अडवणाऱ्या फळ्या), आणि त्यापलीकडे मोकळा पट्टा. साताऱ्याभोवती असा पट्टा म्हटला की लोक तीन जागा सांगतात. कासच्या बाजूला : विसरा. पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथे एक दगड हलवायचा तरी दहा परवानग्या. डोंगरउतार : वनखात्याचा. तिसरं गायरान. गायरानाचा नाद तर मुळीच करू नका. गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवा, असा जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ जानेवारी २०११ चा, त्यापाठोपाठ १२ जुलै २०११ चा राज्याचा शासन निर्णय. गावकरी गुरं चारतात तिथे रेंज टाकली तर आधी कोर्टात खेळ सुरू होईल.

शिवाय पॉइंट टू-टू म्हणजे परवाना, काडतुसांचा साठा, स्टॉक रजिस्टर, आर्मरी, चोवीस तास पहारा. ते सगळं पुढच्या दहा वर्षांचं काम आहे.

१० मीटरला काय लागतं? फायरिंग लाइनपासून टार्गेट १० मीटर. टार्गेटमागे पॅलेट ट्रॅप (छर्रे अडवून साठवणारी पेटी) आणि जाड भिंत यांना मीटरभर. नेमबाजाच्या मागे कोच, टेबल, बाकं यांना चार-पाच मीटर. सोळा मीटर लांबीत बसतं. रुंदीला प्रत्येक लेनला किमान एक मीटर, ऐसपैस हवं तर सव्वा, म्हणजे दहा लेनला साडेबारा. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब असतं, त्याच्या मागेपुढे मोकळी जागा सोडलेला दोन कोर्टांचा हॉल डोळ्यांसमोर आणा, तेवढंच. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. टार्गेटवर उजेड १५०० लक्स लागतो आणि बाकी हॉलमध्ये निदान ३०० चा सारखा उजेड. लोक नेमकं इथेच वाचवायला जातात. एका गावात (नाव लिहीत नाही) ट्यूबलाइट लावून रेंज उघडली, पोरं डोळे चोळत घरी जायची.

फायरिंग लाइनच्या पुढे एकही उघडा दरवाजा नको. हे अजिबात सोडायचं नाही.

दहा_पॉइंट_नऊ

@कृष्णा_वेण्णा, ५० मीटरवाले बहुतेक सगळे १० मीटरपासूनच सुरू करतात. पाया तिथे होतो. आणि साताऱ्यानं एकदम ५० मीटरवर उडी मारली तर वाटेल त्याला सरळ आत घेता येणार नाही.

पैशाचं म्हणाल तर चांगली जर्मन रायफल अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. पण आपल्याकडे राज्य आणि जिल्हा पातळीवर ओपन साइट (साध्या, उघड्या माशीनं नेम धरायचा) हा गट असतो, त्याला देशी एअर रायफल चालते, ती याच्या दहाव्या हिश्शात. दहा लेनला दहा महागड्या रायफली नकोत. तीन-चार मॅच रायफली, त्यात एक डावखुऱ्यांची, तीन-चार पिस्तुलं आणि बाकी ओपन साइट. टार्गेटला इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पहिल्या दिवसापासून हवी असा हट्ट नको, कागद आणि पुलीवर भारतातल्या कितीतरी नेमबाजांनी सुरुवात केली. पुली बिघडली तर सायकलवाला दुरुस्त करतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेट बिघडलं तर परदेशातून सुटा भाग यायची वाट बघा.

एक सूचना आत्ताच करतो. हौशी लोक जुनी रायफल दान करतील. घेताना एअर सिलिंडरवरची तारीख बघा. १० वर्षांनंतर स्पर्धेत तो सिलिंडर चालत नाही, आणि २०० बारची हवा भरलेली जुनी नळकांडी पोरांजवळ ठेवायची नसते.

पोवई_नाका

सगळं छान. मोजमाप छान, लक्स छान. आता माझा एकच प्रश्न : चावी कोणाकडे?

आपल्या भागात क्रीडा संकुलं कमी आहेत का? फीत कापली जाते, फोटो येतो, वर्षभरानं हॉलमध्ये निवडणुकीच्या पेट्या नाहीतर कुठल्या तरी खात्याची जुनी टेबलं. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला टेकवून ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय, वर कबुतरं. दुसरा प्रकार याहून वाईट. हॉल सार्वजनिक, पण सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ एकाच कोचची पोरं. बाहेरचा माणूस विचारायला गेला की “बॅच फुल्ल आहे”. दुपारी दीड वाजता मात्र कोणीही या! मग ते सार्वजनिक कसलं?

बांधायला पाठिंबा सगळेच देतील. उघडी ठेवायला कोण देणार, ते सांगा.

चारभिंती

@पोवई_नाका, धागा काढला तो याच्यासाठीच, फक्त मी इतकं रोखठोक लिहिलं नव्हतं.

माझ्या डोक्यात असं आहे. चावी एका पगारी माणसाकडे, मानद सचिवाकडे नाही. मानद माणसाला लग्नसराई असते. दहा लेनपैकी चार कायम खुल्या, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेतही. त्या कोणत्याही क्लबला महिन्याच्या बोलीवर द्यायच्या नाहीत. उरलेल्या सहा कोच लोकांनी भाड्यानं घ्याव्यात, त्यातून पगार निघेल. वेळापत्रक आणि जमाखर्च दोन्ही दारावर लावायचे. जिल्हा परिषदेच्या शाळांना आठवड्यातून एक दुपार फुकट, पण दुपार म्हणजे शाळेच्या वेळातली, शिक्षकासह. आणि कमिटीत नेमबाजी न खेळणारे निदान दोन लोक हवेत. सदरबझार काकू, तुमचं नाव मी धरून चाललोय.

सदरबझार_काकू

परस्पर धरू नका. आधी मिटिंगची वेळ सांगा. रात्रीची असेल तर येणार नाही.

खातेवही

जमाखर्च दारावर लावणार असाल तर मी महिन्याचा हिशोब फुकट लिहून देईन.

निधीबद्दल. जिल्हा नियोजन समितीचे पैसे सरकारी जागेवर मिळणं सोपं, भाड्याच्या हॉलवर अवघड. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचा रस्ता बघा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळांचं प्रशिक्षण बसतं. म्हणून एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे जाताना भिंतींचा प्रस्ताव नेऊ नका. रायफली, पॅलेट, कोचचं मानधन असा न्या. त्यासाठी ट्रस्ट किंवा संस्था हवी, आयकर खात्याकडे १२ए आणि ८०जी नोंदणी झालेली, आणि सीएसआर-१ फॉर्म भरलेली. नवी संस्था काढण्यापेक्षा एखादी जुनी, स्वच्छ खात्याची शिक्षण संस्था सोबत घ्या. जुनी पुष्कळ सापडतील. खाती मात्र मी बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

शेंद्र्याचा_धनुर्धर

एक आडवा मुद्दा. जिल्ह्याचं नाव नेमबाजीत नसेल, पण नेम धरण्यात आहेच. आदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंड धनुष्याच्या तिरंदाजीत जगज्जेती झाली, वय १७. सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. हे तिरंदाजीनं केलं, फार मोठ्या इमारती नसताना. तर पैसा येणारच असेल तर आधी जे चाललंय त्याला का नको? आमच्या पोरांचे बाण तुटले की नवे घ्यायला आईबाप दहादा विचार करतात.

दहा_पॉइंट_नऊ

बरोबर आहे, आणि यावर माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. इतकंच म्हणेन की रेंजचा हॉल पावसाळ्यात तुम्हालाही कामाला येईल. साताऱ्याचा जुलै-ऑगस्ट बाहेर सराव करण्याजोगा नसतो. बंद हॉलमध्ये जवळून टार्गेट लावून धनुर्धारी फॉर्मचा सराव करतातच. वेगळ्या वेळेत, एकाच वेळी दोन्ही नाही.

शेंद्र्याचा_धनुर्धर

वेळ लेखी मिळणार असेल तर मी आमच्या पालकांना विचारतो. तोंडी नको.

डॉ_गोडोली

उशिरा आलो, पण कोणी शिशाबद्दल बोललेलं नाही, म्हणून लिहितो.

पॅलेट शिशाचे असतात. दहाच्या दहा लेन धरू नका, समजा दिवसाला २० जण आले आणि प्रत्येकानं ६० शॉट मारले, तर दिवसाला ६०० ग्रॅमच्या वर, महिन्याला १५ किलोच्या पुढे शिसं ट्रॅपमध्ये साठतं. त्यातलं थोडं बारीक धूळ होऊन खाली पडतं. मुलांच्या शरीरात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो, त्यामुळे हा मुद्दा टिंगलीवर नेऊ नका.

उपाय स्वस्त आहेत. रेंजवर केरसुणी बंद. झाडलं की धूळ उडते, म्हणून ओल्या फडक्यानं पुसायचं. आत खाणंपिणं नाही, डबा बाहेर. निघताना साबणानं हात धुवायचे, त्यासाठी बेसिन दाराशीच हवं, मागच्या बाजूला संडासापाशी नको, कारण तिथवर कोणी जात नाही. पॅलेट तोंडात धरायची सवय काही जुन्या खेळाडूंना असते. ती पोरं बघून बघून उचलतात. गरोदर बायकांनी ट्रॅप साफ करायचे नाहीत. साठलेलं शिसं भंगारवाला घेतो, पण वजनाची पावती खातेवहीकडे द्या.

आणि दाराला उंबरा नको, रॅम्प हवा. कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर टोकियो पॅरालिंपिकमध्ये एअर रायफलला चौथे आले. व्हीलचेअरवरून खेळता येणारा हा खेळ आहे आणि आपण पायऱ्यांचे हॉल शोधत बसू.

निवृत्त_हवालदार

डॉक्टर, पॅलेट तोंडात धरणाऱ्याला मी बघतो.

बारा_मोटा

काल गोडोलीच्या पुढे एक गोदाम बघून आलो. एका ट्रस्टचं आहे, पुढच्या बाजूला त्यांचंच मंगल कार्यालय. लांबी साडेसतरा मीटर भरते, रुंदी अकराच्या आसपास, म्हणजे लेनला सव्वा मीटर धरून आठ नीट बसतील, दहा नाही. जमीन रस्त्याच्या पातळीत, रॅम्पचा प्रश्न नाही. अडचणी दोन. मधोमध एक लोखंडी खांब आहे, तो पाचव्या लेनच्या तोंडाशी येतो, काढता येणार नाही. आणि वीज सिंगल फेज, दिव्यांना आणि पंख्यांना थ्री फेज घ्यावी लागेल. भाड्याचं त्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही. ट्रस्टी म्हणतात, आधी कोण लोक आहेत ते भेटवा.

चारभिंती, खातेवही, हवालदारसाहेब, रविवारी सकाळी येता का? टेप मी आणतो.

पोवई_नाका

खांबामुळे एक लेन गेली तर उरल्या सात. त्यात चार खुल्या. कोचना तीन. तीन लेनच्या भाड्यात पगारी माणूस बसतो का, ते आधी मांडा. नाहीतर सहा महिन्यांनी खुल्या लेन दोनवर येतील, मग एकावर.

खातेवही

मांडतो. पॅलेटची ५०० ची चांगली डबी हजाराच्या पुढे जाते, ती फीमध्ये धरायची की ज्यानं त्यानं आणायची, यावर आकडा पुष्कळ हलेल. नवशिक्यांना रेंजनं द्यावी असं माझं मत. बाकीच्यांनी आपली आपण.

चारभिंती

मी रविवारी आहे. आकडे घेऊनच जाऊ ट्रस्टींकडे.

बारा_मोटा

रविवार रद्द. ट्रस्टींचा फोन होता, पुढच्या कार्यालयात लग्न आहे, मंडपामुळे गोदामाचं दारच झाकलं जाणार. शनिवारी चारला या. काकू, वेळ रात्रीची नाही.